मदत हवी आहे: दोन जुनी बुद्धिबळ यंत्रं एकमेकांशी खेळवली, 7–3 हा निकाल धरायचा का?

मांडवीकाठ (पणजी)

एकीकडे नोव्हॅग सुपर कॉन्स्टेलेशन, 1984 चं, 6502 घराण्याचा प्रोसेसर 4 मेगाहर्ट्झवर. दुसरीकडे फिडेलिटी एक्सलन्स, 1985 चं, त्याच घराण्याचा प्रोसेसर 3 मेगाहर्ट्झवर. दोन्हींचे पट दाबाचे: सोंगटी घरावर टेकवून दाबायची आणि यंत्राची चाल दिव्यांवरून वाचून दुसऱ्या पटावर करायची. दोघांनाही चालीला सरासरी 30 सेकंदांच्या आसपासची लेव्हल दिली, रंग आलटून पालटून 10 डाव खेळवले. नोव्हॅग 7, फिडेलिटी 3.

आता शंका. पहिली, या 10 पैकी 3 डाव पहिल्या चालीपासून मातेपर्यंत तंतोतंत सारखे आहेत, तिन्ही नोव्हॅगने पांढऱ्यांकडून जिंकलेले. ते तीन धरायचे की एक? दुसरी, दोनांपैकी एका पटावर एच फाइलची (कडेच्या उभ्या रांगेची) घरं दोन-तीनदा दाबल्याशिवाय लागत नाहीत. मिरग लागल्यापासून हे वाढलंय. तिसरी, त्याच यंत्राचा मूळ अडॅप्टर नाही, बाजारातला 9 व्होल्टचा लावलाय. अधूनमधून शह देताना बीप वाजतो आणि यंत्र तिथेच गोठतं. अशा अवस्थेत ते मुळात आपल्या पूर्ण ताकदीने खेळतंय की नाही, हे कसं तपासायचं?

हत्ती_सरळ

सारखे तीन डाव म्हणजे एकच डाव. या यंत्रांत नशीब फार थोडं असतं. ओपनिंगच्या पुस्तकातून, म्हणजे यंत्रात साठवलेल्या सुरुवातीच्या चालींतून, निवड करताना काय तो फासा पडतो. पुस्तक संपलं की तीच स्थिती, तीच लेव्हल, तितकाच वेळ मिळाला तर तीच चाल येणार. दोन डाव वगळा. निकाल 8 डावांत 5–3 झाला, तिथेच अर्धी हवा गेली.

पुढच्या वेळी पुस्तकावर सोडूच नका. इंग्लिश ग्रँडमास्टर जॉन नन यांनी निवडलेल्या 10 स्थिती यासाठीच वापरतात: सगळ्या ओपनिंग संपल्यानंतरच्या, वेगवेगळ्या जातीच्या. प्रत्येक स्थिती दोन्ही रंगांनी खेळवली की 20 डाव होतात. नन नको असतील तर नेहमीच्या ओपनिंगच्या पाच-सहा चाली स्वतः ठरवा, पण दोन्ही यंत्रांना प्रत्येक रंग एकेकदा मिळालाच पाहिजे.

स्थिती मांडताना एक खोच आहे. सोंगट्या एकेक करून मांडल्या तर कॅसलिंगचा हक्क उरलाय की गेला हे यंत्र अंदाजाने ठरवतं. राजा आणि हत्ती मूळ घरी दिसले की हक्क आहे असं बहुतेक यंत्रं धरून चालतात. राजा एकदा हलून परत आलेला असेल तर फसलात. म्हणून स्थिती मांडू नका. यंत्राला पंच करा, म्हणजे दोन्ही बाजूंच्या चाली तुम्हीच दाबायच्या आणि यंत्राने फक्त नियम तपासायचे. त्या स्थितीपर्यंत चाली करत या, मग खेळायला लावा.

दुसरं, प्रतिस्पर्ध्याच्या वेळात विचार करणं. एक यंत्र ते करतं आणि दुसरं करत नाही, असं असेल तर 30 सेकंदांची बरोबरी कागदावरच राहते. समोरच्याची चाल त्याने बरोबर ओळखली की त्याला जवळजवळ दुप्पट वेळ मिळतो. तुम्ही चहा आणायला उठलात तरी घड्याळ कुणाचंच जळत नाही, पण विचार करणाऱ्याचा विचार चालूच असतो. दोन्ही यंत्रांत ही सोय बंद करता येत असेल तर बंद करा. नोव्हॅगच्या काही यंत्रांत तिला ईझी मोड म्हणतात. एकातच बंद होत असेल तर दोन्हीकडे चालू ठेवा आणि बीप वाजल्यावर 5 सेकंदांच्या आत चाल पोचवा. दर वेळी तितक्याच.

फोंडेकर

आधी अडॅप्टर काढून ठेवा, मग बाकीचं बोलू.

यंत्राच्या खोबणीजवळचं चिन्ह बघा. सरळ रेघ आणि खाली तुटक रेघ म्हणजे डीसी. नागमोडी रेघ म्हणजे एसी. त्या काळात दोन्ही प्रकारची यंत्रं निघाली आणि पिन मात्र एकसारखी दिसते. डीसी असेल तर पिनच्या आत धन की ऋण हेही तिथेच छापलेलं असतं. ‘9 व्होल्ट आहे ना, मग चालेल’ एवढ्यावर लावू नका.

मग मल्टिमीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवून अडॅप्टर नुसता मोजा, आणि यंत्र चालू असताना परत मोजा. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या अडॅप्टरवर 9 लिहिलेलं असतं आणि रिकाम्यावर तो 13 सुद्धा दाखवतो. ते साहजिक आहे. भार पडल्यावर किती उरतं ते महत्त्वाचं. आत बहुतेक 7805 हा रेग्युलेटर असतो. 5 व्होल्ट स्थिर द्यायला त्याला मागून किमान 7 लागतात. बीप आणि दिवे एकदम लागले की क्षणभर ओढ वाढते, 7 च्या खाली गेलं की प्रोसेसर भरकटतो. तुमचं गोठणं नेमकं बीपच्या क्षणी होतंय, म्हणून पहिला संशय इथेच. अडॅप्टर चांगला निघाला तर संशय आतल्या फिल्टर कपॅसिटरवर. चाळीस वर्षांत तो सुकतो. सेलवर चालवणार असाल तर हेच गणित: 6 साधे सेल म्हणजे 9 व्होल्ट, पण 6 रिचार्जेबल म्हणजे 7.2. काठावर.

उलट जास्त व्होल्टही बरे नाहीत. 13 व्होल्ट आत आणि 0.4 अँपिअर ओढ असेल तर (13 − 5) × 0.4, म्हणजे 3.2 वॉट नुसती उष्णता. रेग्युलेटर तापून स्वतःला बंद करतो आणि यंत्र तासाभराने ‘आपोआप’ थांबतं.

एच फाइलचं सोपं आहे. दाबाच्या पटाखाली प्लॅस्टिकचे दोन पत्रे असतात, एकावर आडव्या 8 वाहक रेघा, दुसऱ्यावर उभ्या 8, मध्ये जाळी. एकच घर लागत नसेल तर त्या घरात मळ. अख्खी फाइल लागत नसेल तर घरांचा दोष नाही, त्या एका रेघेची शेपटी जिथे सर्किटला जोडते तिथे गंज किंवा ओल आहे. सेल काढा, अडॅप्टर काढा, मागचे स्क्रू सोडवा, शेपटी जशी आहे तशी सरळ ओढा. वाकवू नका, तिथे एकदा चीर पडली की संपलं. तांब्याच्या कडेवर खोडरबर चालेल. काळ्या कार्बनच्या कडेवर अजिबात नको, कार्बनच निघून येईल. तिथे 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन एकाच दिशेने दोनदा पुसा, 10 मिनिटं वाळू द्या. औषधाच्या दुकानातलं 70 टक्के नको, उरलेलं पाणीच असतं. ॲसिटोनचं तर नावच नको.

उंट_तिरका (म्हापसा)

फोंडेकरबाब, सेलच्या कप्प्याचं राहिलं. हिरवी-पांढरी भुकटी दिसली तर आधी कुठले सेल गळले ते ओळखा. अल्कलाइन असतील तर गळलेलं क्षार आहे, त्याला व्हिनेगरचे दोन थेंब. साधे झिंकचे असतील तर ते आम्लधर्मी, त्याला खाण्याच्या सोड्याची पेस्ट. नंतर अल्कोहोलने पुसायचं. आणि व्हिनेगर पांढरं घ्या. घरातलं माडाचं व्हिनेगर सोरपोतेलाच राहू दे, त्यातला गाळ पत्र्यावर चिकटतो.

पावसाळ्यात दोन्ही यंत्रं झाकणाच्या हवाबंद डब्यात, सोबत 100 ग्रॅम सिलिका जेल. रंग बदलला की ओव्हनमध्ये साधारण 120 अंशांवर दोन तास. डब्यात तांदूळ घालायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, उकडेही नकोत नि सुरयही नकोत. पीठ पटात जातं.

हत्ती_सरळ

‘पूर्ण ताकदीने खेळतंय का’ याचं उत्तर देतो, कारण इथे बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. वीज, रॅम किंवा जोडणीचा बिघाड झाला तर असं यंत्र शक्यतो सरळ बंद पडतं किंवा वेड्यासारखे दिवे लावतं. ते गुपचूप 100 गुणांनी कच्चं खेळू लागत नाही. गुपचूप फरक पडायची कारणं तीन: आत रॉम (प्रोग्रॅम साठवलेली चिप) वेगळ्या आवृत्तीचा आहे, कुणीतरी प्रोसेसरचा वेग ठरवणारा क्रिस्टल बदललाय, किंवा लेव्हल तुम्ही समजताय ती नाही. एक्सलन्स 3 मेगाहर्ट्झचं आणि पार एक्सलन्स 5 चं, नावात जेमतेम एक शब्द. वेग दुप्पट झाला की 50 ते 70 एलो गुण (खेळाची ताकद मोजणारे) वाढतात, हा त्या काळच्या यंत्रांचा ठोकताळा.

तपासणी अशी. मेम या इम्युलेटरमध्ये (संगणकावर जुन्या यंत्रांची हुबेहूब नक्कल चालवणारा प्रोग्रॅम) तुमची दोन्ही यंत्रं आहेत. खिडकीत वेग 100 टक्केच दिसतोय ना, ते आधी बघा. मग पुस्तकाबाहेरची एक स्थिती खऱ्या यंत्रावर आणि इम्युलेटरवर चाली दाबून आणा. दोन्हीकडे ठरावीक खोलीची, म्हणजे किती चाली पुढचं बघायचं ते ठरलेली, लेव्हल द्या, वेळेची नको. अशी लेव्हल नसेल तर मातकोडी सोडवायची लेव्हल आणि 4 चालींत मातेचं एखादं कोडं. उत्तर तेच आलं पाहिजे, आणि स्टॉपवॉचवर वेळही तितकाच. अशा 5 स्थिती घ्या. चाल वेगळी आली तर रॉम वेगळा. चाल तीच पण वेळ 20 टक्क्यांनी वेगळा, तर क्रिस्टल. क्रिस्टल म्हातारा झाला म्हणून इतका सरकत नसतो, तो बदललेलाच असणार.

मांडवीकाठ (पणजी)

करून बघितलं. अडॅप्टर रिकामा 9.1, यंत्र चालू असताना 6.6. दुसरा 1 अँपिअरचा लावला, भारावर 8.8 टिकतात. त्यानंतर चार डावांत एकदाही गोठलं नाही. शेपटीची कडा कार्बनची होती, अल्कोहोलने पुसली, एच फाइल पहिल्याच दाबाला लागते. पाचही स्थितींत दोन्ही यंत्रांच्या चाली इम्युलेटरशी जुळल्या, वेळ एका सेकंदाच्या आत. म्हणजे यंत्रं ठणठणीत. चवथीच्या सुट्टीत ननच्या 20 डावांना बसतोय. तेवढ्यात कोण वरचढ ते ठरेल ना? आणि रखडलेले डाव कुठे थांबवायचे?

वजीरबळी

20 मध्ये नाही ठरणार. तुमच्या 5–3 चंच बघा. 62.5 टक्के गुण म्हणजे सूत्राने सुमारे 89 एलोचा फरक. पण बरोबऱ्या धरून एका डावाचं विचलन साधारण 0.4 असतं, त्याला 8 च्या वर्गमुळाने भागा, दुप्पट करा: 28 टक्के इकडे किंवा तिकडे. म्हणजे खरा आकडा 35 ते 90 टक्क्यांत कुठेही असू शकतो. एलोत उणे 110 पासून अधिक 380. हाच 62.5 टक्के 100 डावांत टिकला तर पट्टा 30 ते 150 वर येतो, तेव्हा ‘नोव्हॅग वरचढ’ म्हणायला हरकत नाही. 2025 चा विश्वचषक आपल्याकडे गोव्यात झाला, तिथे दोन डाव आणि मग टायब्रेक. बाद फेरीत कुणाला तरी घरी पाठवायचं असतं म्हणून ते चालतं. ताकद मोजायची ती पद्धत नव्हे.

वेळेचा हिशेब: 30 सेकंदांच्या लेव्हलवर 60 चालींचा डाव एक तास घेतो, म्हणजे 100 डावांना 100 तास. बुद्धिबळ यंत्रांची ताकद मोजणाऱ्या स्वीडनच्या एसएसडीएफ यादीची वेळ 40 चालींना 2 तास, तिथे तोच डाव 6 तासांचा. तुमचे आकडे त्या यादीतल्या आकड्यांशेजारी मांडू नका, वेळ वेगळी आहे.

डाव थांबवायचा नियम पहिल्या डावाआधी वहीत लिहून ठेवा. मी म्हणेन: तीनदा तीच स्थिती किंवा 50 चालींचा नियम लागला तर बरोबरी, यंत्राने ते ओळखलं नाही तरी. एक बाजू हत्तीएवढ्या किंवा जास्त सोंगट्यांनी सलग 10 चाली मागे असेल तर हार. पण पटावर प्यादी उरली नसतील तर हा नियम लावायचा नाही, खेळू द्यायचं. फोनवरच्या स्टॉकफिश या बुद्धिबळ प्रोग्रॅमला विचारून निकाल लावाल तर उंट-घोड्याची मात तो डोळे मिटून ‘जिंकलं’ म्हणेल. या यंत्रांना ती 50 चालींत जमणं कठीण. त्यांना जे जमत नाही त्याचे गुण त्यांना देऊ नका.

फोंडेकर

आणि दर 10 चालींनी दोन्ही पट घर-घर ताडून बघा. घोळ ठरलेल्या जागी होतो. कॅसलिंगमध्ये आधी राजा दाबायचा, मग हत्ती. उलट केलं तर यंत्र ती हत्तीची चाल समजून मोकळं होतं. एन पासांमध्ये (दोन घरं पुढे आलेलं प्यादं शेजारच्या प्याद्याने मारताना) मारलेलं प्यादं उचलायला आणि त्याचं घर दाबायला विसरतात. प्यादं शेवटच्या घरात गेलं की एक यंत्र न विचारता वजीर घेतं आणि दुसरं कुठली सोंगटी म्हणून वाट बघत बसतं, आपल्याला वाटतं विचार करतंय. पट जुळत नसतील तर शेवटच्या जुळलेल्या चालीपर्यंत मागे घ्या. तितकं मागे जाता येत नसेल तर तो डाव रद्द, निकाल कुणाच्या बाजूने झुकला होता ते न बघता.

मांडवीकाठ (पणजी)

100 डावांचं गणित पटलं. चवथीला 20, बाकीचे दिवाळीपर्यंत. नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेत. ननच्या स्थितींपर्यंतच्या चाली कुणी लिहून ठेवल्या असतील तर इथे टाका, नाहीतर मीच उलट्या दिशेने बसवतो.