पहिल्या महायुद्धानंतर काँग्रेसमध्ये नेमकं काय बदललं?

पानखूण: युद्धानंतर चळवळ 'जनतेची' झाली असं सगळीकडे लिहितात. पण कागदावर, म्हणजे काँग्रेसच्या घटनेत, सभासदत्वात आणि पैशात काय फरक पडला? भावनिक उत्तर नको.

जुनीफाइल: डिसेंबर १९२० च्या नागपूर अधिवेशनातली घटनादुरुस्ती बघा, उत्तर तिथेच आहे. आधीचं ध्येय होतं साम्राज्यातल्या वसाहतींसारखं स्वराज्य, तेही सनदशीर मार्गाने. नव्या कलमात 'सनदशीर' जाऊन 'शांततामय व न्याय्य' मार्ग आले. कायदेभंगाला दार उघडलं ते याच शब्दाने. जिनांचा विरोधही याच बदलाला होता. सभासदत्वाची वर्गणी वर्षाला चार आणे ठरली. आणि नागपूरला प्रतिनिधीच १४ हजारांवर जमले होते! एवढ्या गर्दीत ठराव काय तपासणार? म्हणून पुढे ५० हजार लोकसंख्येमागे एक प्रतिनिधी अशी मर्यादा घातली. वर ३५० जणांची अखिल भारतीय समिती आणि वर्षभर निर्णय घेणारी १५ जणांची कार्यकारिणी.

काळीशाई: भाषावार प्रांत समित्या सांगायच्या राहिल्या. फक्त 'मराठी लोकांना एक प्रांत मिळाला' असं लिहू नका. मुंबई शहर, महाराष्ट्र, वऱ्हाड आणि मध्य प्रांतातला नागपूरकडचा मराठी भाग अशा चार वेगळ्या समित्या होत्या.

पानखूण: मग युद्धाचा संबंध कुठे? हे सगळं गांधींमुळेच झालं ना?

जुनीफाइल: गांधींमुळे झालं, पण जमीन युद्धाने नांगरली होती. महागाई होती, सैन्यभरतीची सक्ती होती. ऑगस्ट १९१७ मध्ये ब्रिटिश सरकारातले भारतमंत्री माँटेग्यू यांनी टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धतीचं आश्वासन दिलं. आणि १९१५ चा युद्धकाळापुरता भारत संरक्षण कायदा संपणार, म्हणून तसेच अधिकार शांततेतही हाती ठेवायला मार्च १९१९ मध्ये रौलट कायदा आणला. शिवाय गावोगाव शाखा काढायची सवय टिळकांच्या होमरूल लीगने (स्वराज्य मागणाऱ्या संघटनेने) १९१६ पासूनच लावली होती, हे विसरतात.

काळीशाई: पैशाचं राहिलं. १९२१ मध्ये ३० जूनपर्यंत टिळक स्वराज्य फंडात १ कोटी रुपये, १ कोटी सभासद आणि २० लाख चरखे असं लक्ष्य होतं. फंड भरला, सभासद मात्र ५० लाखांच्या आसपासच अडले. आणखी एक, परीक्षेत हमखास चुकतं: असहकाराचा ठराव आधी सप्टेंबर १९२० च्या कलकत्त्याच्या खास अधिवेशनात झाला, नागपूरला तो कायम केला. घटना मात्र नागपूरचीच.