बटणाचा फोन म्हणजे आळशीपणा? काहीही हं

जुनाट_बटण:
परवा इथेच कुणीतरी लिहिलं की 'बटणाचे फोन वापरणाऱ्यांना टच शिकायचा कंटाळा असतो'. डोकं फिरलं म्हणून लिहितोय. अहो, ५ वरचा तो बारीक उंचवटा अंगठ्याला लागला की बाकीची बटणं न बघता सापडतात, खिशात हात घालून मेसेज टाइप केलेत मी. तुमच्या काचेवर करून दाखवा. हात जरा ओला झाला की ती बावचळते. नोकिया ११०० उगाच २५ कोटींच्या वर खपला का?

काचप्रेमी:
तो आला २००३ मध्ये, तेव्हा दुसरं होतं काय? एका 'एस'साठी ७ चार वेळा दाबायचा, हे वैभव तुम्हालाच लखलाभ.

जुनाट_बटण:
टी९ विसरलात वाटतं. एका अक्षराला एकच दाब, शब्द कोणता ते फोनच ओळखतो.

काचप्रेमी:
हो ना, ४६६३ दाबा, 'गुड' आलं की 'होम' ते स्क्रीनवर बघावंच लागतं. मग खिशातला मेसेज कसा गेला म्हणे?

बॅटरीग्रस्त:
बटण आणि काच राहू द्या बाजूला, खरा घात बॅटरी आत चिकटवली तिथे झाला. नोकियाची ती बीएल-५सी बॅटरी नखाने काढायची, दुसरी टाकायची, विषय संपला. माझ्या टचफोनची फुगली, स्क्रीन वर उचलली गेली, आणि दुरुस्तीवाला म्हणतो नवीनच घ्या!

काचप्रेमी:
सीलबंद असतो म्हणून पाण्यात पडून वाचतो.

बॅटरीग्रस्त:
थापा!! गॅलेक्सी एस५, साल २०१४, झाकण निघायचं, बॅटरी निघायची, तरी आयपी६७ होता, म्हणजे धूळ-पाण्याला दाद न देणारा. युरोपियन युनियनला शेवटी कायदा करावा लागला, फेब्रुवारी २०२७ पासून बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे. त्यातही पळवाटा आहेतच म्हणा.

काचप्रेमी:
एस५चं मान्य. खूश? आता धागा कशावर होता ते आठवा.

घरचा_मेकॅनिक:
वडिलांचा बटणाचा फोन ठणठणीत होता, पण जुनं नेटवर्क बंद झालं आणि त्यात व्होल्टी, म्हणजे ४जीवरून कॉलची सोय, नाही, कॉलच लागेना. आता त्या उंचवट्याचं काय लोणचं घालू?

जुनाट_बटण:
४जीवाले बटणाचे फोन मिळतात हो, मी तोच वापरतो. नकाशाला काच लागते, कबूल, त्यासाठी एक टचफोन ड्रॉवरमध्ये टाकून ठेवलाय. हसा आता.

बॅटरीग्रस्त:
तो ड्रॉवरमधला फुगला नाही ना, बघा एकदा.