वॉरंटी संपल्यावर इंजिन सीझ, सर्विस सेंटरवाले हात वर करतायत

घाटवळण: मंडळी मदत करा. १५० सीसी बाईक आहे, घेऊन तीन वर्षं पण नाही झाली पण रोज सिन्नर-नाशिक अपडाऊन त्यामुळे रनिंग जास्त. वॉरंटी ५ वर्षं किंवा ६०,००० किमी, जे आधी होईल ते, आणि माझं मीटर ६१ हजारावर. परवा मोहदरी घाटात पिकअप गेला, खर्रर्र आवाज आला आणि गाडी जागेवर लॉक. टेम्पोत टाकून सर्विस सेंटरला नेली तर म्हणे पिस्टन पकडलाय (सिलिंडरमध्ये अडकून बसलाय), फुल इंजिन काम, २४ हजार, वॉरंटी संपली आता आमच्या हातात काही नाही. अरे सगळ्या सर्विसिंग तुमच्याकडेच केल्यात ना! बाहेर करू का तिथेच? इन्शुरन्समधून काही निघेल का?

टॅपेट_टकटक: गॅरेज आहे माझं म्हणून सांगतो, आधी २४ हजार कशाकशाचे ते लिहून घ्या. ऑइल ड्रेन करताना समोर उभं राहून किती निघतंय ते बघा. कमी निघालं तर गाडी ऑइल खात होती, पुरेसं निघालं तर ऑइल पंप खराब नाहीतर ऑइलची जाळी चोक, म्हणजे वर ऑइलच पोचत नव्हतं. हे न बघता नुसतं ब्लॉक-पिस्टन टाकलं की परत पकडणार, हमखास. हेड-ब्लॉक उतरल्यावर कनेक्टिंग रॉड वर-खाली हलवून बघायला सांगा, प्ले म्हणजे ढिलेपणा नसेल तर क्रँकला (रॉड ज्याला जोडलेला असतो त्या खालच्या शाफ्टला) हात लावायची गरज नाही, ब्लॉक किटवर म्हणजे सिलिंडर ब्लॉक-पिस्टनच्या सेटवर भागतं आणि बिल बरंच खाली येतं. लेथवर बोअर मारून (सिलिंडर आतून थोडा मोठा करून) ओव्हरसाइज पिस्टन पण बसतो पण ब्लॉकला आतून कोटिंग असेल तर ते नाही चालत. आणि सेल्फ मारत बसू नका उगाच.

पुणेरी_क्लच: इन्शुरन्स विसरा, मेकॅनिकल ब्रेकडाऊन साध्या पॉलिसीत धरत नाहीत. डीलरशी भांडून पण उपयोग नाही, कंपनीच्या कस्टमर केअरला मेल टाका, सगळी जॉब कार्डं (सर्विसिंगला तक्रारी आणि कामं लिहितात तो कागद) जोडा आणि गुडविलमध्ये, म्हणजे वॉरंटी संपली तरी कंपनीच्या खर्चाने, करून द्या असं स्पष्ट लिहा. बंधनकारक नसतं त्यांना, पण वॉरंटी नुकती संपली असेल आणि सर्विस हिस्ट्री क्लीन असेल तर कधी कधी पार्ट कंपनीचे मजुरी आपली असं होतं. मेल इंजिन खोलायच्या आधी गेला पाहिजे! जुन्या जॉब कार्डवर आवाजाची वगैरे कम्प्लेंट आहे का?

घाटवळण: आहे! ५२ हजाराच्या सर्विसिंगला इंजिनमधून आवाज येतो असं लिहिलंय, खाली त्यांनी टॅपेट (व्हॉल्व्हची गॅप) ॲडजस्ट केले एवढंच

तारीख_पे_तारीख: मग तुमची बाजू चांगलीच मजबूत आहे की राव. वॉरंटीत असताना तक्रार केली आणि तोच आवाज पुढे इंजिन घेऊन गेला असं मांडता येतं. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ नंबरवर, तक्रार नोंदवा, नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग, ५ लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, वकील लागतोच असं नाही, मुदत २ वर्षं. पण आवाजाचा आणि सीझ होण्याचा संबंध तुम्हालाच दाखवावा लागेल, म्हणून खोलताना फोटो, व्हिडिओ काढा, खराब पार्ट ताब्यात घ्या आणि दुसऱ्या जाणकाराचा लेखी रिपोर्ट. आत्ताच बाहेरच्या गॅरेजला खोललंत तर कंपनी म्हणणार छेडछाड झाली.

टॅपेट_टकटक: हे बरोबर आहे, माझं गिऱ्हाईक गेलं तरी चालेल 😄 अजून एक, क्रँककेस (इंजिनचं खालचं बाहेरचं कवच) बदलायला लागली तर इंजिन नंबर त्याच्यावरच असतो, आरटीओत आरसीवर चढवून घ्या आणि इन्शुरन्सला पण कळवा, नाहीतर गाडी विकताना बोंब.

घाटवळण: मेल टाकला. उत्तर येईपर्यंत इंजिन खोलू नका असं सर्विस सेंटरला लिहून दिलंय, सही-शिक्का द्यायला कुरकुर करत होते पण दिला