घोडेस्वार 'इशारा करतो' की 'इशारा देतो'?

कोरा_कागद
दिवाळी अंकासाठी क्रिमियन युद्धावरच्या एका लेखाचा अनुवाद करतेय. त्यात ब्रिटिश घोडदळाच्या टेहळणीबद्दल एक परिच्छेद आहे. चौकीपासून बरंच पुढे, उंचवट्यावर एकेकटा स्वार उभा असायचा. शत्रू दिसला की बिगूल नाही, आरोळी नाही. तो तिथल्या तिथे घोडा गोल फिरवायला लागायचा. एका बाजूने फिरवला तर समोर पायदळ, उलट बाजूने फिरवला तर घोडदळ. चाल जितकी वेगाची तितकी घाई जास्त. मागचे लोक नुसतं बघूनच घोड्यांवर मांड टाकायचे.
मी लिहिलं, 'स्वाराने मागच्यांना इशारा केला.' संपादकांनी 'इशारा दिला' केलं. मला त्यात हवामान खातं दिसतं. शिवाय 'घोडा गोल फिरवला' सपक वाटतंय, आणि 'रिंगण घेतलं' म्हटलं की वाचक थेट वारीत. शब्द सुचवा.

आगगाडी
'केला'च. 'दिला' म्हणजे उपोषणाचा.

शुद्धमती
दोन्ही नकोत. इशारा अरबीतून आलेला. आपला 'संकेत' असताना उसनवारी कशाला? हाताने केला तर 'हस्तसंकेत'.

बारागाडी
'हस्तसंकेत' वाचून वाहन परवान्याची परीक्षा आठवली. :) 'खूण' का नको? 'स्वाराने खूण केली', संपला विषय. आणि अरबीचं म्हणाल तर इशारतीच्या तोफा आपण चौथीच्या इतिहासात वाचल्यात, तेव्हा कोणाला खटकल्या नाहीत.

शुद्धमती
खूण कोणीही कशीही करतो. इथे डावं-उजवं आधी ठरलेलं आहे. ठरवून केलेला तो संकेत. सोपं आहे.

खानदेशी_खवय्या
याला 'करपल्लवी' म्हणता येईल का? आमच्याकडे बैलबाजारात दलाल आणि गिऱ्हाईक उपरण्याखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबतात. अख्खा पंजा धरला की पाच. शेकडे की हजार, ते जनावराकडे बघूनच समजायचं. चेहरे दोघांचेही मख्ख. शेजारी उभ्या माणसाला पत्ता लागत नाही की सौदा कितीवर आलाय. वडील त्याला करपल्लवी म्हणायचे.

आगगाडी
भारी! उपरणं नसेल तर? टोपीखाली चालतं का?

बारागाडी
@खवय्या, करपल्लवी जवळून. मैलभरावरच्या स्वाराची बोटं कोण मोजणार? तिथे अख्खा घोडाच हलवावा लागतो. नुसता हात काय घोळ करतो ते याच युद्धात दिसलं. बालाक्लावाची लढाई, 25 ऑक्टोबर 1854. शत्रूला तोफा नेऊ देऊ नका, अशी ब्रिटिश सरसेनापती रॅग्लनची चिठ्ठी घेऊन कॅप्टन नोलन टेकडीवरून खाली आला. वरून दिसणाऱ्या तोफा खाली दरीतल्या घोडदळप्रमुख लुकनला दिसतच नव्हत्या. त्याने विचारलं, कुठल्या तोफा? नोलनने हात केला, तो मोघम, दरीच्या टोकाकडे. लाइट ब्रिगेड या घोडदळ तुकडीचे सहाशेवर स्वार तिकडेच गेले, समोर आणि दोन्ही अंगांना तोफा असताना. नोलन सुरुवातीलाच पडला, त्यामुळे त्याला नक्की काय दाखवायचं होतं यावर लोक अजून भांडतात. हा तुमचा 'हस्तसंकेत'.

शुद्धमती
दोष नोलनचा. शब्दाचा नव्हे.

मोडी_मोडकी
उशिरा आलो. घोडा गोल फिरवण्याला मराठीत शब्द आहे हो: कावा. मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी कोश उघडा. घोड्याला कावा देणे, घोड्याने कावा घेणे. तेव्हा 'स्वाराने कावा घेतला'. उंचवट्यावरचा तो एकटा स्वार म्हणजे 'करोल', हा बखरींत भेटतो. आणि गनिमी कावाही तिथलाच. घोडी गर्रकन फिरवायची, हूल द्यायची, निघून जायचं. 'कपट' हा अर्थ नंतर चिकटला.

आगगाडी
थांबा. गनीम म्हणजे शत्रू ना? मग आपल्याच लढाईला आपण 'शत्रूचा कावा' का म्हणतो?

बारागाडी
नाव मोगलांनी ठेवलं म्हणतात. त्यांचे गनीम आपण.

शुद्धमती
महाराजांच्या युद्धतंत्राला घोड्याच्या चकरा म्हणणं मला पटत नाही.

कोरा_कागद
अहो, पण 'स्वाराने कावा घेतला' असं छापलं तर आजचा वाचक समजेल स्वाराने दगा दिला! मला उद्या मजकूर द्यायचाय.

मोडी_मोडकी
समजू दे. तळटीप द्या. शब्द वापरले नाहीत तर मरतात.

खानदेशी_खवय्या
सारंगखेड्याच्या घोडेबाजारात मी लांब दोरीवर घोडा गोल पळवताना पाहिलाय. कावाबिवा कोणी म्हणेना. गिऱ्हाईक म्हणतं, 'फिरवून दाखव.'

आगगाडी
म्हणजे 'गोल फिरवला'च बरोबर होतं?

शुद्धमती
@मोडी_मोडकी, गनिमी काव्याच्या व्युत्पत्तीला पुरावा?

मोडी_मोडकी
सांगितलं की. मोल्सवर्थ.

शुद्धमती
त्याने घोड्याचा अर्थ दिलाय. तिथून लढाईपर्यंतची उडी तुमची. आणि साहेबाने लिहिलं ते पंडितांना विचारूनच. त्याआधीचा कागद दाखवा.

मोडी_मोडकी
पंडित काय इंग्लंडहून आणले होते?