चार मतं द्यायचीत, मजल्यामागे एक माणूस हवाय

(सोसायटी ग्रुप, रविवार 4 जानेवारी 2026)

बी-304, काकू: सगळ्यांना नमस्कार. 15 तारखेला महापालिकेचं मतदान आहे. पुण्यात याआधीचं झालं फेब्रुवारी 2017 मध्ये. मार्च 2022 पासून प्रशासक आहेत, टँकरचं गाऱ्हाणं सांगायला आपला नगरसेवकच नव्हता. काल मी आणि 301 च्या वहिनी आठ घरं फिरलो. पाच घरांत वाटत होतं, एक बटण दाबलं की झालं. आपल्या प्रभागात अ, ब, क, ड अशा चार जागा आहेत, चार मतं द्यायची. एखाद्या जागेसाठी कुणीच पसंत नसेल तर तिथे नोटा दाबा, पण जागा सोडू नका. हे दारात जाऊन सांगावं लागेल.

सी-702: काकू, मी एका उमेदवारासाठी फिरतोय. पत्रक इथे टाकू का?

सेक्रेटरी: इथे नको रे. ग्रुपवर सगळ्या पक्षांचे लोक आहेत. घरोघरी जाऊन खुशाल बोल, तो तुझा हक्क आहे.

सी-702: बरं काका. लोक आधी विचारतात, पैसे किती मिळतात? एक रुपया घेतलेला नाही. सुट्टीचे दिवस माझे, पेट्रोल माझं. आमच्या पोरांना चालायला फुटपाथ हवाय म्हणून फिरतोय. ज्यांना पटत नाही त्यांचंही ऐकून घेतो. परवा एका आजींनी अर्धा तास ड्रेनेजचं सांगितलं, सगळं लिहून घेतलंय.

ए-602: संक्रांत 14 ला आहे. हळदीकुंकवाला कुठल्याही उमेदवाराकडून वाण घ्यायचं नाही, ही माझी विनंती. तिळगूळ आपला आपण करू.

बी-304, काकू: शंभर टक्के! डबे नि पिशव्या घेऊन मत द्यायचं नाही.

बी-503: आम्ही भाड्याने राहतो, नाव अजून कोथरूडला आहे. इथे मत देता येईल?

सेक्रेटरी: नाही. 1 जुलै 2025 ची विधानसभेची यादी धरली आहे. नाव जिथे आहे तिथे जा, पण जाच. वेळ सकाळी 7:30 ते संध्याकाळी 5:30.

ए-105, आजोबा: वय 81. केंद्रावर जिना असेल तर मला जमणार नाही.

सी-702: आजोबा, मी नेतो. माझ्याच गाडीतून, उमेदवाराच्या नाही. मत कुणाला द्यायचं याबद्दल वाटेत अवाक्षर काढणार नाही.

ए-105, आजोबा: मग नऊला तयार राहतो.

ए-602: ए विंगचा सहावा आणि सातवा मजला माझा.

बी-503: बी विंगचा पाचवा मी घेते. मत इथे नसलं तरी दारं वाजवता येतील ना?

बी-304, काकू: येतील की गं! उद्या रात्री 8 ला क्लब हाऊसमध्ये या, यादीची प्रिंट आणते.