वाड्यातल्या एका घड्याळाला इतकी माणसे का हात लावत होती?

कृष्णातीर:

नमस्कार. वाईजवळ आमचा जुना वाडा आहे आणि गेल्या माघात तिथे एका मराठी चित्रपटाचे चित्रीकरण अकरा दिवस चालले. आमच्या भागाला चित्रीकरणाचे नवल उरलेले नाही, कारण मेणवलीचा घाट आणि नाना फडणविसांचा वाडा लोकांनी अनेक चित्रपटांतून पाहिला आहे. परंतु स्वतःच्या ओसरीवर रोज सत्तर-ऐंशी माणसे वावरताना पाहण्याचा प्रसंग आमच्यावर प्रथमच आला. मी निवृत्त शिक्षक असल्याने वेळ भरपूर होता आणि कोण काय करतो हे समजून घेण्याची मनापासून इच्छाही होती. तरीही मनात काही गोष्टी अडकून राहिल्या आहेत, म्हणून येथे विचारतो आहे.

सोप्यात वडिलांनी घेतलेले लंबकाचे घड्याळ आहे. पहिल्या दिवशी एका मुलाने ते उतरवून पुसले, निरखून पाहिले, पुन्हा त्याच खिळ्यावर लावले आणि शेजारची दिनदर्शिका काढून तिथे १९७८ सालची लावली. दुसऱ्या दिवशी कानाला हेडफोन लावलेल्या एका गृहस्थांनी लंबक थांबवायला सांगितले. त्यानंतर रोज सकाळी, कधी कधी दिवसातून चारदा, फाइल घेतलेली एक मुलगी येऊन काटे कुठे आहेत ते पाही, एका मुलाकडून ते मागे-पुढे करून घेई आणि छायाचित्र काढी. एकदा कॅमेऱ्याजवळून कोणी ओरडले की घड्याळाच्या काचेत दिवा दिसतो आहे. तेव्हा अगदी शेजारी उभा असलेला दिवेवाला जागचा हलला नाही, मात्र अंगणाच्या पलीकडून दुसराच मुलगा धावत आला आणि त्याने घड्याळामागे पुठ्ठ्याची घडी सरकवली. शेवटच्या रात्री सगळे जेवायला गेल्यावर हेडफोनवाले गृहस्थ एकटेच परत आले आणि ज्या घड्याळाला त्यांनी इतके दिवस गप्प बसवले होते, त्याचेच ठोके त्यांनी अर्धा तास मुद्रित केले.

एका घड्याळासाठी इतके विभाग कशाला लागतात आणि एकाचे काम कुठे संपून दुसऱ्याचे कुठे सुरू होते, हे कोणी सविस्तर सांगेल का? एक तक्रारही आहे. मंडळी गेल्यापासून घड्याळ तीन वाजले असता आठ ठोके देते. निर्मिती पाहणाऱ्यांना दूरध्वनी केला, तर कोणत्या विभागाने हात लावला ते पाहून कळवतो, असे उत्तर मिळाले आणि पुढे काहीच कळले नाही.

निशिगंध:

सर, मी दिग्दर्शन विभागात सहायक म्हणून काम करते आणि फाइल घेतलेल्या त्या मुलीचे काम मी तीन चित्रपटांत केले आहे. त्याला आम्ही कंटिन्युइटी म्हणतो. चित्रीकरण कथेच्या क्रमाने होत नाही, जागेच्या सोयीने होते. तुमच्या सोप्यात घडणारे प्रसंग कथेत सुरुवातीला असोत की शेवटी, ते सगळे त्या अकरा दिवसांतच उरकायचे असतात. त्यामुळे सकाळी म्हाताऱ्या वडिलांचे आजारपण आणि दुपारी त्याच वडिलांनी लावलेले मुलीचे लग्न, असेही चित्रित होते. शिवाय एकच संभाषण कॅमेऱ्याच्या चार जागांवरून घेतात आणि त्या चार जागांमध्ये पाच-सहा तास सहज जातात. संध्याकाळचे चार वाजून दहा मिनिटे झाली आहेत असे ठरले, की त्या संभाषणाच्या प्रत्येक शॉटमध्ये काटे तिथेच दिसले पाहिजेत, मग बाहेर दिवस मावळलेला का असेना. नाहीतर संकलक ते तुकडे जोडू लागतो तेव्हा बाप एक वाक्य बोलतो चार दहाला आणि मुलगी उत्तर देते पावणेसातला.

त्या फाइलीत प्रत्येक शॉटचा क्रमांक, कितवा टेक पसंत पडला, पदर कोणत्या खांद्यावर होता, पेल्यात चहा किती होता, हे सगळे लिहिलेले असते. माझ्या पहिल्या चित्रपटात जेवणाच्या प्रसंगात ताटातली पोळी किती मोडली होती ते मी टिपले नव्हते. जवळून घेतलेल्या शॉटमध्ये ती पुन्हा अखंड झाली. त्या अभिनेत्रीचा सर्वांत सुंदर टेक तोच होता आणि केवळ पोळीमुळे तो काढून टाकावा लागला. ते मला अजून लागून राहिले आहे.

याच विभागात मुख्य सहायक दिग्दर्शक संपूर्ण वेळापत्रक आखतो आणि दुसऱ्या दिवशी कोणी किती वाजता यायचे याची कॉलशीट आदल्या रात्री सर्वांना पाठवतो. गर्दीच्या प्रसंगातील माणसे सांभाळणारा आणि शॉटच्या सुरुवातीला क्लॅप, म्हणजे फळ्यांची टाळी, देणारा सहायकही आमच्यातलाच असतो.

शांतरव:

लंबक थांबवायला सांगणारे गृहस्थ माझ्याच व्यवसायातले आहेत, तेव्हा त्यांच्या वतीने मी उत्तर देतो. बोलणे जर चित्रीकरणाच्या वेळीच मुद्रित होणार असेल, म्हणजे सिंक साउंड असेल, तर जागेवरचा प्रत्येक सततचा आवाज आम्हाला बंद करावा लागतो. घड्याळाची टिकटिक कानाला गोड लागते, पण दोन वेगवेगळ्या वेळी घेतलेले शॉट जोडले की त्या टिकटिकीचा ताल मधेच तुटतो, आणि प्रेक्षकाला कारण न कळता काहीतरी खटकते. टिकटिक एकदा संवादात मिसळली की ती वेगळी काढणे फार जिकिरीचे असते. म्हणून आम्ही संवाद निखळ घेतो आणि टिकटिक व ठोके शांत वेळी स्वतंत्रपणे मुद्रित करतो. तुमच्या घड्याळाचा आवाज संग्रहातून आणलेल्या दुसऱ्या कुठल्या घड्याळाने भरून निघाला नसता; सोप्याच्या लाकडी तक्तपोशीखाली तो जसा घुमतो, तसाच त्यांना हवा होता. त्यांच्याविषयी मला आदर वाटला, कारण दिवसभराच्या कामानंतर जेवण सोडून हे करणारे थोडे असतात.

प्रत्येक जागी आम्ही सगळ्यांना स्तब्ध उभे करून काही वेळ नुसती शांतताही मुद्रित करतो. प्रत्येक खोलीची शांतता निराळी असते आणि संवादांमधल्या फटी भरायला त्याच खोलीची लागते. फ्रीजही बंद करतो. तो पुन्हा सुरू करायला विसरू नये म्हणून आमच्यातले अनेक जण स्वतःच्या गाडीची किल्ली फ्रीजमध्ये ठेवतात, म्हणजे किल्ली घेतल्याशिवाय घरीच जाता येत नाही. जनरेटरची गाडी लांब उभी करून एवढ्या अंतरावरून तारा ओढतात, तेही आमच्याच आग्रहामुळे.

क्लॅपचे कारणही सांगतो. चित्र आणि ध्वनी वेगवेगळ्या यंत्रांवर नोंदले जातात. चित्र सेकंदाला २४ चौकटींच्या गतीने जाते. त्यातल्या ज्या चौकटीत दोन फळ्या एकमेकींना भिडतात, तिच्याशी टाळीचा आवाज जुळवला की पुढचे सगळे ओठ आपोआप जुळतात. यानंतर स्टुडिओत डबिंग, पावलांचे आणि भांड्यांचे आवाज हुबेहूब करणारे फोली कलाकार, ध्वनिसंरचनाकार आणि शेवटी सगळे एकत्र मिसळणारा मिक्सिंग अभियंता, अशी आमची बरीच मोठी साखळी आहे.

रंगपेटी:

घड्याळ पुसणारा आणि पुठ्ठा सरकवणारा, हे दोघेही कला विभागाचे. फ्रेममध्ये दिसणाऱ्या निर्जीव वस्तूची जबाबदारी आमची असते. कथा १९७८ सालची असेल तर दिनदर्शिका त्या सालची हवी, आणि भिंतीवरची आजची पांढरी बटणे झाकून लाकडी फळीवरची काळी बटणे लावायला हवीत. घड्याळ मात्र त्यांना आयते मिळाले, म्हणून त्यांनी ते एवढे निरखले असणार.

दिवेवाला हलला नाही याचा राग मानू नका. काचेत दिवा दिसतो हे छायालेखकाच्या लक्षात येते, दिवे कुठे असावेत हे त्याच्या सांगण्यावरून गॅफर, म्हणजे दिवेवाल्यांचा प्रमुख, आणि लाइटमन पाहतात, परंतु सेटवरच्या वस्तूला कला विभागाखेरीज कोणी हात लावायचा नाही, असा दंडक आहे. तो मोडला तर वस्तू कोणी हलवली याचा पत्ताच लागत नाही आणि निशिगंध यांची फाइल निरुपयोगी ठरते. मागे पुठ्ठा सरकवल्याने काच किंचित खाली झुकते आणि दिव्याचे प्रतिबिंब कॅमेऱ्याच्या नजरेतून निसटते. आरसे आणि तसबिरी यांच्याबाबतही आम्ही हेच करतो. तुम्ही कॅमेऱ्यापासून नटाच्या डोळ्यापर्यंत टेप लावून अंतर मोजणारा एक जण पाहिला असेल. तो फोकस पुलर. नट चालत पुढे आला तर प्रत्येक पावलाचे अंतर त्याला ठाऊक असावे लागते, आणि त्याची चूक झाली तर कितीही उत्तम अभिनय धूसरच राहतो.

ही विभागणी आपल्याकडे पहिल्यापासून नव्हती. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली राजा हरिश्चंद्र पूर्ण केला तेव्हा लेखन, दिग्दर्शनापासून संकलनापर्यंतचे बरेचसे काम त्यांनीच पाहिले, आणि सरस्वतीबाई फिल्मला छिद्रे पाडण्यापासून सगळ्या मंडळींच्या स्वयंपाकापर्यंत सर्व करीत होत्या. १९२९ साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी निघाली, तेव्हा तिच्या भागीदारांतच कामे वाटलेली दिसतात: शांतारामबापूंकडे दिग्दर्शन, फत्तेलाल यांच्याकडे कला, धायबर यांच्याकडे छायालेखन आणि बोलपटाच्या काळात दामले यांच्याकडे ध्वनी. पुढे प्रभात पुण्याला गेली, तिच्या तिथल्या आवारात आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे आणि तिथे हीच कामे स्वतंत्र अभ्यासक्रम म्हणून शिकवली जातात. मला स्वतःला ही परंपरा फार मोलाची वाटते.

आता तुमची तक्रार. हा दोष आमच्याच विभागाचा आहे. जुन्या घड्याळांपैकी अनेकांत ठोक्यांची मोजणी वेगळ्या चाकावर चालते आणि काटे कुठे आहेत हे त्या चाकाला कळत नाही. मोठा काटा मागे नेऊन पुन्हा बारावरून पुढे आणला की ठोके जास्तीचे पडतात आणि मोजणी पुढे सरकते. काटे फिरवणाऱ्या मुलाला हे कोणी सांगितले नसावे. जुन्या वस्तू हाताळताना हे सांगणे आमच्या वरिष्ठांचे काम होते. आता तासाचा ठोका पडू द्या, तो मोजा आणि फक्त लहान काटा हलक्या हाताने त्या आकड्यावर आणा. तो बहुधा नुसता दाबून बसवलेला असतो. फिरला नाही तर जोर न लावता घड्याळजीकडे न्या. मग मोठा काटा पुढच्या दिशेनेच फिरवा आणि तास व अर्ध्या तासाला थांबून ठोके पूर्ण पडू द्या. पुठ्ठाही काढून टाका.

कृष्णातीर:

आपण तिघांनी इतक्या आत्मीयतेने लिहिलेत, याबद्दल मनापासून आभारी आहे. शांतरव यांचे उत्तर वाचून घरात एक गोष्ट उलगडली. चित्रीकरणाच्या तिसऱ्या दिवशी सुनेला फ्रीजमध्ये भाजीच्या जुडीवर मोटारीची किल्ली मिळाली होती. नातवाने खेळताना ठेवली असेल असे समजून मी त्याला रागावलो होतो. आज त्याला जवळ बोलावून खरे कारण सांगितले.

घड्याळाचे काम रंगपेटी यांनी सांगितले तसेच केले. तीनच्या ठोक्याला आठ पडले, म्हणून लहान काटा आठवर आणला आणि तिथून एकेक तास ठोके मोजत पुढे आलो. त्यात बराच वेळ गेला, पण नातू शेजारी बसून मोठ्याने मोजत होता. आज दुपारी चारला चारच ठोके पडले. पुठ्ठा काढल्यावर मागे पेन्सिलीने प्रसंग क्रमांक ३१ असे लिहिलेले दिसले. निशिगंध, तुमच्या फाइलीत अशी नोंद नक्की कशासाठी ठेवतात?

निशिगंध:

सर, ती नोंद आमची नसून कला विभागाची असते. प्रसंग ३१ पुन्हा घ्यावा लागला तर घड्याळ किती झुकले होते हे कळावे म्हणून ती घडी जपून ठेवतात. चित्रपट प्रदर्शित होईपर्यंत कृपया टाकू नका. राहिलेले एखादे दृश्य घ्यायला ते पुन्हा येऊ शकतात, आणि तेव्हा तो मुलगा सर्वांत आधी तोच पुठ्ठा मागेल.