घरातील कर्करुग्णाची शुश्रूषा करताना कोणाचा आधार मिळाला, कशाचा भार झाला?

गोदाकाठ :
आमच्या सोसायटीतील एका काकूंची केमोथेरपी नुकतीच सुरू झाली आणि त्यांच्या सुनेशी काय बोलावे, हे ठरवताना मला माझ्या सासूबाईंचे आजारपण आठवले. ‘काही लागले तर सांगा’ असे तेव्हा पुष्कळांनी मनापासून म्हटले. परंतु डबा, औषधे, रिपोर्ट आणि विम्याची कागदपत्रे यांत बुडालेल्या माणसाला काय लागेल ते ठरवून मागण्याचेही त्राण नसते. समोरच्या वहिनींनी मात्र ‘मंगळवारी आणि शुक्रवारी रात्रीच्या पोळ्या माझ्याकडून येतील’ एवढेच सांगितले आणि उपचार संपेपर्यंत त्या येत राहिल्या. आपापले अनुभव कृपया लिहावेत.

सातपूरकर :
भेटायला येणाऱ्यांचा भार झाला. केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांच्या सुमारास पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होऊन संसर्गाची भीती असते, म्हणून डॉक्टरांनी गर्दी टाळायला बजावले होते. तरी दादांना पाहायला गावाहून जीप भरून माणसे येत. त्यांना दारातून परत पाठवण्याचे काम माझ्याकडे आले आणि ‘शहरात जाऊन माणूसघाणा झाला’ हे चुलत्यांचे बोल मी ऐकून घेतले. अखेर आत्याने सगळ्या भावकीला फोन करून ‘भेटायचे असेल त्याने आधी मला विचारायचे’ असे ठणकावले. वडीलधाऱ्या माणसाने वाईटपणा स्वतःकडे घेणे, ही फार मोठी मदत आहे.

सिन्नरची लेक :
सातपूरकर, अगदी खरे आहे. त्याच दिवसांत आईला १००.४ अंश फॅरनहाइट ताप भरला, तेव्हा डॉक्टरांनी सांगून ठेवल्याप्रमाणे आम्ही रात्रीच रुग्णालय गाठले. शेजारच्या दादांनी विचारत न बसता गाडी काढली होती.

द्राक्षबाग, दिंडोरी :
आमच्या यजमानांचे रेडिएशन ऐन गोडी छाटणीत, म्हणजे द्राक्षाच्या फळछाटणीत, आले. ते आठवड्यातून पाच दिवस असल्याने मी रोज नाशिकला आणि बाग दिरांच्या स्वाधीन, अशी वाटणी झाली. छाटणीपासून फवारणीपर्यंत त्यांनी मला एकदाही काही विचारून त्रास दिला नाही. जाऊबाईंनी मात्र यजमानांचे ताट-तांब्या वेगळा काढला आणि मुलांना त्यांच्याजवळ जाऊ देईनात. कर्करोग संसर्गाने पसरत नाही आणि बाहेरून यंत्राने दिलेल्या रेडिएशननंतर रुग्णाच्या अंगातून किरण बाहेर पडत नाहीत, हे मी परोपरीने सांगितले, पण माझे ऐकतो कोण? मग त्यांना एक दिवस सोबत नेले आणि तेथील डॉक्टरांनीच समजावले. त्या संध्याकाळी मुले वडिलांच्या ताटात जेवली. एवढ्या सगळ्यांत ‘तुम्ही जेवलात का?’ असे मला विचारणारी एकच बाई होती, रेडिएशन विभागातल्या मावशी.

इंदिरानगर :
माझा थोरला भाऊ परदेशातून पैसे वेळेवर पाठवत होता, याबद्दल मी कृतज्ञ आहे. परंतु इंटरनेटवर वाचलेले उपचारही तो रोज रात्री सुचवत असे आणि आईच्या उलट्या काढून थकलेल्या माझ्या बायकोला त्याची उत्तरे द्यावी लागत. जो रुग्णाचे रोज करतो, त्याच्या निर्णयाला घरात मान असायला हवा.

नाशिकरोड :
इंदिरानगर, अगदी पटले. आम्हाला पुढील महिन्यापासून टाटाला, परळला जायचे आहे. मुक्कामाची आणि प्रवासाची काय सोय आहे?

सिन्नरची लेक :
दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत चौकशी करा. तेथे रुग्णांसोबत नातेवाइकांनाही राहता येते. रेल्वे सवलतीचा अर्ज रुग्णालयातूनच भरून घ्यावा. पंचवटी एक्सप्रेसच्या सेकंड सीटिंगमध्ये आणि एसी चेअर कारमध्ये रुग्णाला व एका सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते. शक्य असल्यास सोबती आलटून पालटून न्या. आम्ही आईचे सगळे एकाच वहीत लिहीत असू, त्यामुळे मामा गेले काय किंवा मी गेले काय, डॉक्टरांना सांगताना काही सुटत नसे. तुमच्याकडून सोबत कोण जाणार आहे?